रेघेखालचं

चिऊच्या डाव्या तळव्यावरच्या पट्टीची गाठ मनगटाच्या बाहेरच्या अंगाला होती. एका हाताने बांधलेली गाठ इतकी घट्ट बसत नाही, आणि तिची दोन्ही टोकं अशी सारखी कापलीही जात नाहीत. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बांधून दिली होती. घरात आणखी एकच माणूस होता.

"काय लागलं गं?" आईने विचारलं.

"काही नाही." चिऊ मान खाली घालून जेवू लागली. बाबांनी भरलेल्या पेल्यात आणखी थोडं पाणी ओतलं.

आई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर नमुने, आकडे, नोंदी. आणि संध्याकाळी घरी येऊन ब्लॉग, तोही त्याच शिस्तीत. लेकीला पहिला दात आला तेव्हापासून ती लिहीत होती. चिऊ हे नावही तिथलंच. तिचे हट्ट, भांडणं, शहाणपणाचे बोल, सगळं तिथे होतं. दवाखान्यात एखादी अनोळखी बाई ‘अगंबाई, हीच ना ती चिऊ?’ म्हणाली की आईचा जीव सुपाएवढा व्हायचा. चिऊचं काय व्हायचं, ते टिपायचं मात्र राहून गेलं.

गेल्या वर्षी चिऊने एकच मागणं केलं. आठ वर्षांची होईपर्यंत ती अंथरूण ओलं करायची, तेवढा लेख काढून टाक. आईने होकार दिला. पण सवय हाडीमाशी खिळलेली. प्रयोगशाळेत चुकलेली नोंद कुणी पुसत नाही. तिच्यावर एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण लिहितात. आईने लेखावर तशीच रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मुलीच्या विनंतीवरून रद्द.’

जो लेख कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, तो आता सगळ्यांनी उघडून पाहिला. वर्गातल्या पोरांपर्यंतही पोचला. रेघेखालचं अक्षरन् अक्षर त्यांना पाठ झालं आणि वर्गात तिला ‘चिऊ’ अशीच हाक पडू लागली. मग आईने तो लेख पुसला. पण तोवर पोरांच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट होते. बाण सुटला तो सुटलाच.

चिऊ भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली, तीही आईपुरती. बाबांशी बोलायची, आणि आई आली की वाक्य अर्ध्यावर सोडायची. आत्या हसत हसत म्हणून गेली, "वहिनी, तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी बाई." नवरा म्हणायचा, थांबव आता. वाचणारे कळवायचे, थांबू नका, तुमच्यामुळे आम्हाला आमची मुलं कळली. आई सगळ्यांनाच ‘बघते’ म्हणायची. इतक्या वर्षांचं लिहिणं सोडलं तर आपल्यापाशी काय उरतं, ते तिला कळत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्ष असंच गेलं.

जेवणं झाल्यावर भांडी विसळताना बाबांनी हळूच सांगितलं. परवा सायकलवरून पडली, टाके घालावे लागले, दोन दिवस तुझ्यापासून हात लपवत होती. आत्या बरोबर गेली होती.

"तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय तिने," ते म्हणाले.

आईने ओटा पुसायला घेतला. पुसता पुसता डोक्यात वाक्य तयार झालंच: माझ्या लेकीला टाके पडले, ते मला गाठीवरून कळलं. चांगलं वाक्य होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. निरोपाचा लेखही ती कधीची मनात घोळवत होती; त्यातही पहिल्या ओळीपासून चिऊच होती.

चिऊ पाणी घ्यायला आली आणि आईला बघून दारातच थबकली.

"फार दुखतंय का?"

चिऊने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली.

"हे लिहिणार आहेस?" तिने आईला विचारलं. आवाजात राग नव्हता. उद्या सुट्टी आहे का, असं विचारावं तसं विचारलं.

नुसतं ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. तसं आई याआधीही म्हणाली होती. ओलं फडकं तिच्या हातातून ओट्यावर ठिबकत राहिलं.

"मी ब्लॉग बंद करतेय," आई म्हणाली. "सगळं काढून टाकते. आणि बंद केला, हेही कुठे लिहिणार नाही."