दहा नंबरची सुई आणि आजोळचं टोपडं

मी एक जुनी लोकरीची सुई आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्यासारखी सुई कधी पाहिलेलीही नसेल, आणि ज्यांनी पाहिली असेल त्यांनी ती आजीच्या परकरात नाडी ओवताना पाहिली असेल. तेव्हा उगाच ओळखीचा आव आणू नका. मी अॅल्युमिनियमची आहे, दीड वीत लांब, आणि माझ्या बोंडावर दहाचा आकडा कोरलेला आहे. मला एक जोडीदारीण आहे. ती मधोमध वाकलेली आहे, कारण आमच्या घरचे मालक चुडामण आबा एकदा पेपर वाचता वाचता तिच्यावर बसले आणि पेपर संपेपर्यंत त्यांना काही कळलं नाही. पुरुषांच्या जातीला कळतंच कधी!

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तारेचा तुकडा पाडला, टोक घासलं, चकाकी दिली, झाले मी तयार. तिथेच राहिले असते तर थंडीचा मुलूख मिळाला असता, कदर करणारे हात मिळाले असते. पण नशीब फुटकं! मला आणून टाकलं धुळ्याच्या एका कटलरीच्या दुकानात, रिबिनी आणि टिकल्यांच्या पाकिटांशेजारी. जिथे मे महिन्यात कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसतो, त्या खानदेशात लोकरीची सुई विकायला ठेवणाऱ्या दुकानदाराच्या अकलेची मला आजही कीव येते.

तिथून मला प्रमिलाबाईने घेतलं. तेव्हा ती नुसती प्रमिला होती, एकोणीस वर्षांची, शिवणवर्गाला जाणारी. मी तिला अरेतुरेच करते, तुम्हाला आवडो न आवडो. त्या वर्गाच्या बाई फार कडक होत्या. टाके घालायची त्यांची एकच पद्धत होती. एका सुईवर टाका, दुसरी सुई त्यात खुपसायची, दोरा ओढून नवा टाका काढायचा, तो पहिल्या सुईवर चढवायचा आणि करकचून आवळायचा. ‘सैल टाका, सैल घर,’ असं त्या म्हणायच्या, आणि जिची कड सैल तिच्या बोटांवर तिचीच सुई हाणायच्या. प्रमिलाची बोटं लाल करण्याचं काम मी चार वेळा केलं आहे. पाचव्यांदा वेळ आली नाही. तिची कड तारेसारखी ताठ येऊ लागली. बाईंनी ती वर्गात फिरवून दाखवली आणि माझ्या अंगात तेव्हापासून जो ताठा शिरला, तो कितीतरी वर्षं उतरला नाही.

लग्न होऊन ती भडगावला चुडामण आबांच्या घरी आली आणि तिच्या पेटीतून मीही आले. मग काय विचारता! गल्लीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की बाळंतविड्याचं टोपडं प्रमिलाबाईच करणार. बायका लोकर आणून द्यायच्या, तीही कसली? पोपटी, नाहीतर जांभळी. रंगांची जाण म्हणाल तर आनंद. तरी आम्ही दोघी निमूट विणायचो. दोन सुलट, दोन उलट, काठ संपला की वर साधी वीण. टोपडं हातात घेऊन बाया म्हणायच्या, ‘काय कड शे अक्का! मशीनले बी अशी येवाव नही.’ प्रमिलाबाई हसायची आणि मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय कळतंय, पण बोला, बोलत राहा.

पुढे बाजारात तयार टोपडी आली. प्लास्टिकच्या पिशवीतली, कानांवर सशाचे कान लावलेली. गल्ली आम्हाला बघता बघता विसरून गेली. मला नाडी ओवायला घेतलं, शेगडीच्या बर्नरची भोकं कोरायला घेतलं, आणि एका उन्हाळ्यात चुडामण आबांनी घामोळं आलेली पाठ माझ्याने खाजवली. त्यापेक्षा मोडले असते तर बरं, असं मला वाटलं होतं.

याच सुमारास घरात सून आली. रूपाली, जामनेरची, शाळेत शिक्षिका. तिने आपल्याबरोबर बांबूच्या दोन काड्या आणल्या होत्या, वायरने एकमेकींना बांधलेल्या. तिला त्या सुया म्हणायच्या! मोबाइल भिंतीला टेकवून, त्यातल्या बाईकडे बघत बघत ती विणायची. दोन ओळी विणायच्या, तीन उसवायच्या. एकदा धीर करून सासूला म्हणाली, “आई, टाके घालायच्या कितीतरी पद्धती आहेत. ही बघा, हिची कड रबरासारखी ताणते.”

“माले एक येस, तेवढी पुरे शे,” प्रमिलाबाई म्हणाली.

मी खूश झाले. कड ताणायला ती काय चड्डीचं इलॅस्टिक आहे?

गेल्या डिसेंबरात प्रमिलाबाईची लेक दिपमाला बाळंत झाली. शिंदखेड्याला दिलेली, सात वर्षांनी दिवस राहिलेले, आणि बाळ सात आठवडे आधीच आलं. मुलगी. एवढीशी. जळगावच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. या घरात प्रमिलाबाईच्या माहेरून आलेला एक रिवाज आहे. पहिलं टोपडं आजोळचं. ते डोक्यावर बसलं की मगच बाळ दवाखान्यातून निघायचं. प्रमिलाबाई स्वतः तशीच घरी आली होती, तिची दिपमालाही तशीच. आता नात घरी यायची तर आजीच्या हातचं टोपडं पाहिजे.

आम्हाला डब्यातून काढलं, पुसलं. दोन दिवसांत टोपडं तयार झालं. पांढरं, साठ टाक्यांचं, कड तीच, नावाजलेली. लोकरीचा गुंडा आणि आम्हाला पिशवीत घालून प्रमिलाबाई रूपालीबरोबर जळगावला गेली. कोकिळा नावाची सिस्टर टोपडं आत घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

“मावशी, हे नाही चालणार. कड फार आवळ आहे. चढवताना बाळ कळवळलं, आणि कपाळावर वळ उठला बघा. मऊ, ताणणारं आणा. नाहीतर बाजारातलं आणा सरळ.”

मला इतका संताप आला की काय सांगू! गाढवाला गुळाची चव काय? काल नोकरीला लागलेली पोरगी, ती आमच्या कडेला नावं ठेवणार! प्रमिलाबाईही रागाने लाल झाली होती. एसटीत बसल्यावर रूपाली हळूच म्हणाली, की बाजारातलं आणूया का, तर ती कडाडली, “बाजारनं टोपडं घालीसन मनी नात घर उनी, ते मी कसानी आजी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरावा गोळा करायला ती निघाली. शेजारच्या बेबाबाईच्या नातवाला, नवलला, तिने टोपडं केलं होतं. तो आता कॉलेजात जातो. ते टोपडं न्यायचं, सिस्टरच्या नाकासमोर धरायचं आणि सांगायचं, की बघ, यातच पोरं वाढली. मी लोकरीच्या गुंड्यात खोचलेली तिच्या काखेत होते. मलाही तो क्षण बघायचा होता.

बेबाबाईने ट्रंक उघडली. तळाशी साडीच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं टोपडं निघालं. पोपटी. अगदी नवंकोरं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

प्रमिलाबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. “हाई ते नवंच शे. नवलनी घालं नही का?”

बेबाबाई खाली बघू लागली. “त्याना डोकावर बसनंच नही, अक्का. कड लागे ना, रडे तो. पन तुम्हना हातनं शे, फेकावस का? जपीसन ठेवं.”

“इतला वरीस माले कोनी बोलनं नही?”

“इतलं मायेनं करीसन दिधं तुम्ही. तोंडवर कसं सांगानं?”

तिथून ती आणखी तीन घरी गेली. तीनही घरी ट्रंकच उघडली गेली. जांभळं, पोपटी, गुलाबी. एकावरही दुधाचा डाग नाही, एकाचाही धागा निघालेला नाही. तिसऱ्या घरी तर बाईने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की बघा, किती सांभाळलंय. प्रमिलाबाई चहा न घेता उठली.

मित्रांनो, मी आयुष्यभर सगळ्यांना तुच्छ लेखलं. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला लेखलं. ज्या कौतुकावर मी इतकी वर्षं ताठ उभी होते, ते निव्वळ भिडेचं होतं. या माणसांसारखी लबाड जात नाही. तोंडावर वाहवा करतील आणि घरी जाऊन ट्रंकेत पुरतील.

घरी येऊन प्रमिलाबाई ओट्यावर बसली. रविवार होता. रूपाली धान्य निवडत होती. मग प्रमिलाबाईने चष्मा पुसला.

“रूपाली, ते मोबाइलमधलं माले दखाड.”

बासष्टाव्या वर्षी सुनेपुढे मांडी घालून बसली! मला लाज वाटली. पण सुईला विचारतो कोण? ही नवी पद्धत एका सुईची. दोरा अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर गलोलीसारखा ताणायचा. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही दोऱ्यांखालून घालायची, वरून आतला दोरा धरायचा, बोटावरचा उचलायचा आणि अंगठा वाकवून पीळ मोकळा करत त्यातून बाहेर यायचं. माझी वाकडी जोडीदारीण नुसती चटईवर पडून होती. तिला तेवढंच हवं होतं.

पहिल्यांदा सतराव्या टाक्याला दोरा संपला. या पद्धतीत दोऱ्याचं शेपूट आधीच मोठं सोडावं लागतं, आणि प्रमिलाबाईने सवयीने चार बोटं जास्त सोडून काम भागेल असं धरलं होतं.

“अडीच हात सोडा, आई.”

“इतली लोकर वाया?”

दुसऱ्यांदा हातभर सोडला. एक्केचाळिसाव्या टाक्याला संपला. तिसऱ्यांदा दात ओठ खाऊन अडीच हात सोडला आणि साठ टाके पुरे झाले. रूपालीने टाळी वाजवली. काठ विणून झाल्यावर दोघींनी कड ताणून पाहिली. कड तसूभरही हलली नाही.

दोष पद्धतीचा नव्हता. हाताचा होता. दर टाक्याला प्रमिलाबाईचा हात आपोआप दोरा आवळत होता. ‘सैल सोडा, आई,’ रूपाली सांगायची, ती ‘हां’ म्हणायची आणि पुढचा टाका पुन्हा करकचून बसायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची खोड ती, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती ही. चार वेळा उसवून झालं. लोकरीला केस फुटले. पाचव्या वेळी तिने सगळं मांडीवर टाकलं आणि रडू लागली. “मना हातमाच खोट शे,” म्हणाली. मला हिणवावंसं वाटत होतं, पण हिणवता येईना.

मग प्रमिलाबाईने पदराने नाक पुसलं, चटईवरची माझी जोडीदारीण उचलली आणि आम्हा दोघींना एकत्र जोडून मुठीत धरलं.

“हात ते ऐकस नही,” ती म्हणाली. “मंग दोन सुयावर टाका घालू. आवळू दे त्याले, किती आवळस.”

दोघींच्या जाडीवर तिने साठ टाके घातले, दर टाका नेहमीसारखा करकचून. इतक्या वर्षांत आम्ही दोघी समोरासमोर होतो, अशा पाठीला पाठ लावून कधी उभ्या राहिलो नव्हतो. त्या वाकडीचं पोक माझ्या अंगात रुतत होतं. शेवटच्या टाक्यानंतर तिला हळूच ओढून काढलं, आणि माझ्यावरचे साठच्या साठ टाके सैलावले. मोबाइलमधल्या बाईने हे सांगितलं नव्हतं. रूपालीने कड बोटांनी ताणून पाहिली आणि ती ताणली.

बुधवारी कोकिळा सिस्टरने ते टोपडं आत नेलं. या वेळी ती लगेच परत आली नाही. काचेतून हात करून तिने प्रमिलाबाईला जवळ बोलावलं. बाळ झोपलेलं होतं. टोपडं भुवयांपर्यंत आलं होतं. सिस्टरने एका बोटाने कड वर केली आणि कपाळ दाखवलं. वळ नव्हता.

अकरा दिवसांनी नात घरी आली, आजोळच्या टोपड्यात.

जूनमध्ये दिपमाला शिंदखेड्याहून आली तेव्हा बाळाचं डोकं भोपळ्याएवढं झालं होतं. तिने पर्समधून एक चिंधी काढून आईपुढे ठेवली. दुधाचे डाग, एका बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, कड लोंबलेली.

“आई, रोज घालं मी तिले. धुई धुई फाटी गयं,” ती अपराध्यासारखी म्हणाली.

प्रमिलाबाईने त्या भोकातून बोट आरपार घातलं. मग ते टोपडं तोंडाला लावून ती किती तरी वेळ बसली. “फाटनं ना? बरं व्हयनं,” म्हणाली, आणि मोठ्या टोपड्याचे नव्वद टाके घालायला आम्हाला दोघींना एकत्र मुठीत धरलं. भर जूनमध्ये. या बाईला अक्कल म्हणून नाही.

मित्रांनो, आता नेहमीप्रमाणे तुम्हाला उपदेश करायला हवा. तुम्ही ऐकणार नाही, ते ठाऊक आहे, तरी करते. कोणी मायेनं तुमच्यासाठी हातांनी काही केलं आणि ते टोचत असेल, तर त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. तो दुसरं करेल. आणि जे टोचत नाही ते जपून ठेवू नका, अंगावर घाला, धुवा, पुन्हा घाला. माझ्या अंगावरून शंभरावर टोपडी उतरली. ती बहुतेक सगळी भडगावात आजही नवी आहेत. ती तुमची तुम्हाला लखलाभ. माझं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर मी ते एकच सांगते, जे फाटलं.