आंब्याच्या पेट्यांखालचा रॅम्प

मित्रांनो, आधी मोजून सांगतो, मग बोलतो. तेरा मे, सकाळचे साडेनऊ. माझ्या अंगावर हापूसच्या सत्तावीस पेट्या, सुकलेल्या जास्वंदीच्या दोन कुंड्या, एक मोटारसायकल आणि ‘आपले सहर्ष स्वागत’ असं लिहिलेला एक मोडका फलक. चाकांच्या खुर्च्या शून्य. चाकांची खुर्ची माझ्यापासून दोन मीटरवर, खाली उन्हात उभी होती आणि तिच्यात बसलेली मुलगी घड्याळाकडे बघत होती.

मी एक रॅम्प आहे, रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या दारातला. वय नऊ वर्षं. दगडाला नऊ वर्षं म्हणजे काहीच नाही. पण ज्या कामासाठी बांधलं ते काम एकदाही न करता नऊ वर्षं काढून बघा, म्हणजे मी स्वतःला जुना का म्हणतो ते कळेल.

माझा जन्म तपासणीच्या धास्तीतून झाला. दिव्यांगांसाठी सोय आहे की नाही हे बघायला वरून पथक येणार, असं पत्र आलं. हातात सहा दिवस होते. आपल्याकडे पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच घेतात. आमचं जोतं साठ सेंटिमीटर, म्हणजे पंधरा-पंधराच्या चार पायऱ्या. त्या पायऱ्यांना लागून बाबल्या गवंड्याने मला जांभ्याच्या चिऱ्यांत बांधायला घेतलं. तीन मीटरवर त्याला थांबावं लागलं, कारण पुढे साहेबांच्या गाडीची शेड होती. तो खाली उतरला, मागे सरकून माझ्याकडे बघितलं आणि त्याने मान हलवली.

“सायेब, ह्यो लय उबा झाला,” तो म्हणाला. “ह्याच्यावर गाडी नाय चढायची. शेड जरा मागं घ्या.”

“बाबल्या, सोमवारी तपासणी आहे,” तेव्हाचे साहेब म्हणाले. “रॅम्प दिसला पाहिजे. चढायचंय कोणाला?”

सोमवारी माझ्यासमोर नारळ फुटला. फोटो निघाला. मित्रांनो, समोरून काढलेल्या फोटोत चढ दिसत नाही. पथकाने कागदावर लिहिलं, ‘रॅम्प आहे.’ टेप कुणीही बाहेर काढली नाही. तेव्हाचे साहेब पुढे बदलून गेले, फोटो फायलीत गेला आणि मी तिथेच राहिलो.

मग माझ्यावर सगळं काही चढलं. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला निळी ताडपत्री बांधतात, तिचे बांबू उभे करायला माझ्या अंगात दोन भोकं पाडली. ती अजून आहेत. पावसाळ्यानंतर शेवाळ, मग कुंड्या, मग मोटारसायकली. आणि मे महिन्यात पेट्या. आमचे हेड क्लार्क दीपकराव पावस गावचे, घरची बाग आहे. मुंबईच्या मोठ्या साहेबांना, त्यांच्या साहेबांना आणि त्यांच्या व्याह्यांना कार्यालयातून पेट्या जातात. गाडी येईपर्यंत त्या ठेवायच्या कुठे? माझ्यावर. सावली आहे, खालून गारवा आहे, वारा खेळता आहे. “ह्या रॅम्पावर आंबा काय सुंदर तयार होतो!” असं लोक म्हणतात. नऊ वर्षांत माझं झालेलं हे एकमेव कौतुक.

एप्रिलमध्ये रुचिरा भाटकर कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाली. भौतिकशास्त्राची पदवीधर, परीक्षा देऊन लागलेली. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नाही. वडील भिवा मासेमारीच्या बोटीवर असतात, त्यामुळे ती भाट्याहून रिक्षाने यायची. रिक्षावाला खुर्ची उघडून द्यायचा आणि पुढच्या भाड्याला निघून जायचा. साडेनऊला ती माझ्यापाशी हजर. हजेरीचं अंगठ्याचं यंत्र आत, जोत्यावर. पावणेदहाची वेळ, दहा मिनिटांची सवलत, त्यानंतर लाल खूण. आणि ती होती परिवीक्षेवर. लाल खुणांचा कागद तिच्या अहवालाला जोडला जाणार होता, आणि नोकरी कायम होणार की नाही हे त्या अहवालावर ठरणार होतं.

तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेणारे दोघे शिपाई यायचे नऊ पन्नासला. ते आधी आत जायचे, आपापला अंगठा लावायचे, पंख्याखाली घाम पुसायचे आणि मग तिला आणायला बाहेर यायचे. ते वेळेवर. ती उशिरा. हे मी रोज बघत होतो आणि माझ्या चिऱ्यांना आतून कढ येत होता.

त्या तेरा तारखेला ती म्हणाली, “दीपकदादा, पेट्या तेवढ्या बाजूला घ्याल का? मी माझी वर येईन.”

“अहो ताई, आढी लागलेली आहे,” दीपकराव म्हणाले. “आता हलवली की आंबा डागतो. आठ दिवस थांबा. आणि रॅम्प कशाला पायजे तुम्हाला? आम्ही आहोत ना! शिमग्याच्या पालखीसारखं नाचवत नेतो.”

सगळे हसले.

“पालखीतल्या देवाला अंगठा लावायचा नसतो, दादा,” रुचिरा म्हणाली. ती हसली नाही.

तीन दिवसांनी पालखी पडली. तिसऱ्या पायरीवर एकाची चप्पल सटकली, खुर्ची कलली आणि रुचिराचं कोपर पायरीच्या कडेवर आपटलं. रक्त आलं. एकाने पाणी आणलं. दीपकरावांनी आधी माझ्याकडे बघितलं. खुर्चीचं चाक खालच्या पेटीला लागलं होतं. “आंब्याला काही झालं नाही,” ते म्हणाले. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

झाडलोट करणाऱ्या गंगुबाई मात्र बादली टाकून धावल्या. “मेल्यांनो, पोर पडली नि तुमचा जीव आंब्यात!” असं म्हणत त्यांनी पदर फाडून कोपराला बांधला.

हे कळल्यावर आताच्या साहेबांनी पेट्या एका बाजूला लावायला सांगितल्या. नऊ वर्षांनी माझ्या अंगावर एक मोकळी वाट झाली. रुचिराने खुर्ची वळवली, चाकांना हात घातले आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा माझं काम करायला लागलो. एक मीटर. दीड मीटर. मग पुढची दोन छोटी चाकं हवेत उचलली गेली. मागे गंगुबाई होत्या म्हणून खुर्ची उलटली नाही.

त्या क्षणी मला कळलं की पेट्या हा अर्धाच गुन्हा आहे. उरलेला अर्धा मी स्वतः आहे.

दुसऱ्या दिवशी रुचिराने बाबल्याला शोधून बोलावलं. त्याच्याकडे गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. तिचं एक टोक वर दारापाशी, दुसरं खाली. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं आणि तिने माप लिहून घेतलं. उंची साठ, लांबी तीनशे. एकास पाच. नियमाने असायला हवं होतं एकास बारा, म्हणजे सात मीटर वीस.

“मी तवाच बोललो व्हतो,” बाबल्या म्हणाला. “पन गवंड्याचं कोन आयकतो?”

“आता लिहून देते,” रुचिरा म्हणाली. “मग ऐकावं लागेल.”

रॅम्प लांब करावा म्हणून तिने अर्ज दिला. सोबत आकृती, मापं आणि फाटकावरच्या वहीची नक्कल. त्या वहीत तिच्या येण्याची वेळ रोज साडेनऊच्या आसपास होती. अंगठ्याच्या यंत्रात त्याच दिवसांच्या वेळा दहा पाच, दहा आठ, दहा चार. साहेबांनी सगळं वाचलं. ते सौम्य होते. म्हणाले, “शेड हलवायची म्हणजे गाडी उन्हात. त्यापेक्षा मी लेखी आदेश काढतो ना. दोन कर्मचारी तुम्हाला उचलण्यासाठी नेमून देतो.”

उचलण्यासाठी लेखी आदेश! माणसाला सामानासारखं आत न्यायचं, पण आदेशाने. मला तडा जायचा तेवढा बाकी होता.

रुचिराने त्यांच्याशी वाद घातला नाही. शुक्रवारी पेट्या साहेबांच्या दालनात न्यायच्या होत्या. ती फाटकावरच्या स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, “दीपकदादा, माझी खुर्ची घ्या. तीन पेट्या ठेवा. चोपन्न किलो होतील. मी एकावन्न आहे. रॅम्पवरून वर न्या.”

“त्यात काय!” दीपकराव म्हणाले. साहेब दारात उभे होते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले.

दीड मीटरपर्यंत ते गेले. पुढची चाकं उचलली गेली, खुर्ची मागे आली, दीपकराव बाजूला उडी मारून वाचले आणि पंधरा डझन हापूस माझ्या अंगावरून गडगडत थेट साहेबांच्या गाडीखाली गेले.

“अरे, आंबे! आंबे!” साहेब स्वतः धावले. शिपाई धावले, क्लार्क धावले, कामासाठी आलेले लोकही धावले. मी मोजले. अकरा माणसं गुडघ्यांवर बसून आंबे वेचत होती.

“मी पडले तेव्हा तिघं आली होती,” रुचिरा स्टुलावरून म्हणाली. “त्यातल्या एक गंगुबाई.”

साहेबांच्या हातात एक फुटका आंबा होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “दीपक,” ते म्हणाले, “शेड काढा.”

सोमवारी शेडचा पहिला खांब दीपकरावांनीच उपटला.

पाऊस यायच्या आत काम उरकायला हवं होतं. बाबल्याने माझं वरचं अंग फोडलं आणि तेच चिरे पुन्हा लावत मला लांब केलं. बांबूची भोकं बुजवली, घसरू नये म्हणून आडव्या खाचा पाडल्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लावले. आता गंगुबाईंची बादलीही माझ्यावरून जाते. गुडघे दुखतात हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

रुचिराच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, ‘एकूण लाल खुणा एकवीस. उशिराचे कारण कार्यालयाचा सदोष रॅम्प. सेवा कायम करण्यास हरकत नाही.’ माझं नाव लागलं. मला एकास पाच बांधायला लावणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. मी ते विसरणार नाही. दगड आहे मी, मला दुसरं काम काय?

मित्रांनो, तुमच्या शाळेत, बँकेत, पोस्टात माझा एखादा भाऊ असेल. त्याला हार घालू नका, त्याचा फोटो काढू नका. त्याच्यावर काय काय ठेवलंय ते मोजा. मग त्याची उंची मोजा, लांबी मोजा, आणि लांबीला उंचीने भागा. उत्तर बारापेक्षा कमी आलं तर ते मोठ्याने सांगा, आणि कुणी “आम्ही आहोत ना” म्हणालं तर पुन्हा सांगा.

सहा जूनचं माप देतो. उंची साठ सेंटिमीटर. लांबी सात मीटर वीस. माझ्यावर पेट्या शून्य, कुंड्या शून्य, मोटारसायकली शून्य. रुचिरा भाटकर, फाटकावर नऊ एकतीस. अंगठा नऊ तेहेतीस. उचलणारे शून्य.