साक्षीच्या टेबलावरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. तपकिरी प्लास्टिकची फ्रेम, तारेने बांधलेली डावी दांडी आणि चांगल्याच जाड काचा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी चष्मेवाल्याने मला तयार केलं. त्याने मला पुतळाबाईंच्या नाकावर बसवलं, समोर छापील कागद धरला आणि म्हणाला, "पढो अम्मा." पुतळाबाई लाजल्या. "आत्ताच शिकलेय," त्या म्हणाल्या. "जोडाक्षर आलं की अडकते."

पुतळाबाई चामटोलीच्या. सारा जन्म शेतात गेलेला. नवरा वारल्यावर त्या बदलापूरच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागल्या. पत्र्याच्या छपराचा हॉल आणि तीसेक कुटुंबं, एवढीच ती मंडळी. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांना पन्नाशीनंतर वाचायला शिकवलं. ते नेहमी म्हणत, "बाई, मी सांगतो म्हणून खरं मानू नका. घरी जाऊन बायबलातलं वचन उघडून बघा."

पुतळाबाईंनी ते मनावर घेतलं. उपदेशात आलेल्या अध्याय-वचनांचे आकडे त्या कॅलेंडरच्या फाटक्या पानावर उतरवून घेत. दुपारी ओट्यावर बसून, ओळीखाली बोट ठेवून, एकेक तपासत. एकदा पाळकांचीच चूक निघाली. पुढच्या रविवारी त्यांनी ती सगळ्यांपुढे कबूल केली आणि पुतळाबाईंना उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई घरी आल्या आणि त्यांनी मला पदराने दोनदा पुसलं. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग पाळक आजारी पडले आणि लेकीकडे नाशिकला गेले. त्यांच्या जागी ब्रदर अमित आले. आवाज गोड, बोलणं असं की ऐकत राहावं. दोन महिन्यांत बाहेर खुर्च्या मांडायची वेळ आली. ते सांगू लागले, खरा विश्वासणारा औषध घेत नाही. औषध घेणं म्हणजे देवावर संशय घेणं.

पुतळाबाई पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेल्या. "ब्रदर, तुम्ही वाचलेल्या ओळीच्या खालची ओळ येगळंच सांगते. आणि प्रेषितांसंगती एक वैद्य होता, असं हितं लिवलंय." त्या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. ब्रदर हसले. त्यांनी बाईंच्या हातातलं पुस्तक हळूच मिटलं. "मावशी, तुम्ही डोळ्यांनी वाचता. आत्म्याने वाचा."

पुढच्या रविवारी त्यांनी बाईंना पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मला स्वतःच्या हाताने उतरवलं. "आता दिसतंय ना, मावशी?"

सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. बाईंसमोर नुसते धूसर रंग होते, हे मला ठाऊक होतं. पण दिसावं अशी त्यांची फार इच्छा होती. "दिसतंय," त्या म्हणाल्या.

मला पांढऱ्या कपड्याच्या टेबलावर ठेवलं. त्यावर पाटी होती, 'साक्षी'. शेजारी, बरं झालो म्हणणाऱ्यांनी सोडलेली एक काठी होती, एक कानाचं यंत्र होतं. त्याच दिवशी मंडळीतल्या जयदेवने हसत हसत आपल्या फिटच्या गोळ्यांची पट्टी तिथे आणून ठेवली. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात माल चढवायचं काम करी. त्या गोळ्यांमुळे सहा वर्षांत त्याला एकदाही फिट आली नव्हती.

माझ्यावर धूळ बसू लागली. तिसऱ्या रांगेत पुतळाबाई मांडीवर पुस्तक उघडून बसत. बोट ओळींवरून फिरे, पण डोळे भलतीकडेच असत. मला परत घ्यावं तर आपण सगळ्यांपुढे खोटं बोललो असं ठरेल, ही भीती. कदाचित पुढच्या रविवारी खरंच दिसू लागेल, ही आशा.

एका रविवारी उपासना संपल्यावर जयदेवची बायको विनिता त्यांच्याजवळ आली. दोघी टेबलालगतच उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही एवढं वाचता. गोळ्या सोडा असं खरंच लिहिलंय का हो? परवा त्यांचा हात थरथरत होता. तुम्ही नाही म्हणालात तर मी आजच परत सुरू करते. ते तुमचं ऐकतील."

पुतळाबाईंनी पुस्तक उघडलं. पान जवळ धरलं, मग लांब धरलं. रेघ मारलेलं तेच पान उघडलं होतं. त्यांचा हात टेबलाकडे थोडा सरकला. दारात ब्रदर लोकांना निरोप देत उभे होते. त्यांनी इकडे पाहिलं. हात थांबला. मी तर वीतभर अंतरावर होतो, पण मला स्वतःहून हलता येत नाही.

बाईंनी पुस्तक मिटलं. "ब्रदर सांगतात म्हंजे असंल," त्या म्हणाल्या. विनिताने मान हलवली आणि ती गेली.

त्यानंतर अकराव्या दिवशी माल चढवताना जयदेवला फिट आली. तो उंच ओट्यावरून डोक्यावर पडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

अंत्यविधीची प्रार्थना त्याच हॉलमध्ये झाली. ब्रदर म्हणाले, "कुठेतरी विश्वास कमी पडला." विनिताने मान खाली घातली. तेव्हा पुतळाबाई उठल्या. चाचपडत टेबलापाशी आल्या. हात आधी काठीवर पडला, मग माझ्यावर. धुळीसकट त्यांनी मला डोळ्यांवर चढवलं.

"जयदेवचा विश्वास कमी नव्हता," त्या म्हणाल्या. "मना दिसत नव्हतं. मी सगळ्यांपुढं खोटं बोलले. त्याच्या बायकोशी पण खोटं बोलले."

कुणीतरी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. ब्रदरांनी गीत सुरू केलं आणि बाईंचं पुढचं बोलणं त्यात बुडालं.

आता निम्मी कुटुंबं ब्रदरांमागे वांगणीच्या नव्या हॉलमध्ये जातात. तिथेही तसंच टेबल मांडलंय, असं ऐकतो. आम्ही ते थांबवू शकलो नाही.

एका दुपारी पुतळाबाई पालेगावला विनिताच्या खोलीवर गेल्या. उंबऱ्यात बसून त्यांनी रेघ मारलेलं ते पान वाचून दाखवलं, जोडाक्षरांवर अडखळत, शेवटपर्यंत. विनिता तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर वाचलंत, मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी वाचायचं होतं."

माझ्या काचा आतून ओल्या झाल्या. बाईंनी त्या पुसल्या नाहीत.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चष्मे जपा. कुणी कितीही गोड बोललं तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून ते उतरवू देऊ नका. आणि कधी कुणी तुम्हाला विचारलं, "असं खरंच लिहिलंय का?" आणि तुम्हाला ते वाचता येत नसलं, तर तेवढंच सांगा, की मला दिसत नाही. विनिताला तेवढं पुरलं असतं.