राजेंच्या खोलीत कोण जाणार

"एवढ्या जणी असताना राजे मीच का व्हायचं?" ड्रायव्हरकाका माझ्या कानाशी कुरकुरले.

"उंचीमुळे," मी म्हटलं.

"मग कपाटाला करा की राजे!"

खरे राजे वरच्या खोलीत होते. ऑटिझम असलेला, चोवीस वर्षांचा, दारात वाकून शिरणारा मुलगा. आमच्या केंद्रात राहायलाच होता; लाडाने सगळे त्याला राजेच म्हणायचो. आवाज सहन झाला नाही की हाताला लागेल ते फेकायचा. मागच्या आठवड्यात हाताला खुर्ची लागली, आणि खुर्ची मावशींना. म्हणून हे प्रशिक्षण, आणि त्यात राजेंचं सोंग काकांकडे. संचालकबाईंनी सांगून टाकलं होतं: त्याच्यासोबत काम करायला दोघं जण तयार झाले तर राजे राहतील, नाहीतर आजच त्याच्या आई त्याला घरी नेतील. आई दाराजवळ बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्यामुळे आम्ही सगळे फार गोड बोलत होतो.

"राजेंनी मारलं असं म्हणायचं नाही," शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या. "त्यांना काहीतरी सांगायचं होतं."

"हळू सांगितलं असतं तरी मला ऐकू आलं असतं," मावशींनी कपाळावरच्या टाक्यांना हात लावला. मग आईंकडे बघून घाईघाईने, "तसा गुणी आहे हो!"

काका कान झाकून खुर्चीत बसले. बाईंनी मिक्सर सुरू केला. आम्ही चौघी सवयीने धावलो.

"शांत हो!" "काय झालं?" "माझ्याकडे बघ!"

मावशी तर पाठच चोळायला लागल्या. एरवी हॉर्नसुद्धा न वाजवणारे काका ताडकन उठले. "अहो, सोडा की मला!" पाण्याची बाटली आडवी झाली.

बाईंनी मिक्सर बंद केला. "हेच आपण रोज करतो. आधी आवाज थांबवायचा. मग एकानेच जायचं, बाजूला उभं राहायचं, कमी बोलायचं, त्यांची वाट अडवायची नाही. तर, राजेंच्या खोलीत कोण जाणार?"

मावशींचा गुडघा दुखायला लागला. काका म्हणाले, "मी आत्ताच राजे होतो, लगेच दुसरं काम नको." पाणी फारसं सांडलं नव्हतं, तरी मी बराच वेळ पुसत राहिले.

"घाबरता ना त्याला?" आईंनी विचारलं.

"छे हो!" आम्ही एका सुरात.

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मी घाबरते. घरी माझ्या खोलीला मी आतून कडी लावते. माझाच मुलगा आहे, आणि मला त्याची भीती वाटते."