चिंकाऱ्यासाठी नेहमीसारखं भांडा

रविवारी सकाळी आमच्या वाघोलीच्या सोसायटीत चिंकारा शिरला. खरा, शिंगंबिंगं असलेला! कुत्री मागे लागली म्हणून कंपाउंड ओलांडून आत आला आणि पंपरूममागच्या लॉनवर ऐटीत चरायला लागला.

भिंतीपलीकडे नगर रोड. घाबरून उलटी उडी मारली की थेट डंपरखाली.

वनखात्याच्या डॉक्टर खुशनुमा शेख गुंगीच्या इंजेक्शनची बंदूक घेऊन आल्या. "वीस पावलांवर पोचायला हवं," त्या म्हणाल्या. "त्याला माझा वास, आवाज, हालचाल काही कळता कामा नये." त्यांनी चिमूटभर माती उडवून वारा बघितला, बाह्यांना चिखल फासला आणि मेंदीच्या कुंपणाआड पालथ्या पडल्या.

आमचे सेक्रेटरी कोंडीराम शेलार, खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांना एकदम जोश चढला. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला : "संपूर्ण शांतता राखा!!!"

बाल्कन्यांमधले एकशेचाळीस फोन एकदम टिंग झाले.

हरणाचे कान ताठ!

"अहो शेलार, मेसेज कसले पाठवताय?" डॉक्टर दात आवळून म्हणाल्या.

मग खरी शांतता झाली. मिक्सर बंद, लिफ्ट बंद, शेजारच्या साइटवरचं ड्रिल बंद. सी विंगमधल्या एका आजोबांनी तर शिंक गिळली, डोळे पांढरे होईस्तोवर. आम्ही सगळे बाल्कनीत श्वास रोखून उभे. आणि हरीण? चरणं सोडून मान वर, पुढचा पाय जमिनीवर आपटतंय, एकेक पाऊल भिंतीकडे सरकतंय!

वॉचमन गेनबा डॉक्टरांच्या कानाशी वाकला. "म्याडम, पहाटेपासनं बघतोय म्या. मिक्सर, ड्रिल, भांडणं, कशाला बी भ्यालं न्हाई. आता समदी गप झाल्यात, म्हणून भ्यालंय. कायतरी दबा धरून हाय, असं वाटतंय त्याला."

डॉक्टरांनी शेलारांना खूण केली. "सुरू करा सगळं. रोज करता तसंच. लवकर!"

मिक्सर घरघरले, ड्रिल सुरू झालं. हरणाचा पाय थांबला, पण मान काही खाली जाईना.

"भांडणं ऱ्हायली," गेनबा म्हणाला.

शेलारांनी बाल्कन्यांकडे बघून हात जोडले. "सभासदहो, नेहमीसारखं भांडा!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला भांडता येईना.

"आधी तुम्ही," दुसऱ्या मजल्यावरच्या तेजस्विनीताई वर बघून म्हणाल्या.

"छे छे, लेडीज फर्स्ट," तिसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला पुष्कर म्हणाला.

हरणाने भिंतीकडे आणखी दोन पावलं टाकली.

"बरं, नाटक म्हणून बोलते हं," ताईंनी घसा खाकरला. "तुमच्या बाथरूममधून आमच्या हॉलमध्ये गळतं!"

"नाटक म्हणून ओके. ॲक्च्युअली गळत नाही."

"ॲक्च्युअली गळतंच! पीओपी पडलं आमचं!"

"पीओपी चायना क्वालिटीचं होतं, ताई."

"ताई कोणाला म्हणता? आणि रात्री अकराला डंबेल्स कोण आपटतं?"

झालं! चौथ्या मजल्याने डंबेल्सच्या बाजूने उडी घेतली, पहिल्याने पीओपीच्या. शेलार मध्यस्थीला गेले, तर दोन्हीकडून त्यांच्यावरच तोफा. त्या कल्लोळात हरणाची मान अलगद खाली गेली. कचकच गवत खायला लागलं!

डॉक्टर कोपरांवर सरपटत निघाल्या. चाळीस पावलं. तीस. वरून कोणीतरी "हिंमत असेल तर खाली या!" ओरडलं, हरणाने शेपटीसुद्धा हलवली नाही. वीस!

फट्!

इंजेक्शन मांडीत बसलं. हरीण चार पावलं धावलं, थबकलं, पाचेक मिनिटांत डुलायला लागलं आणि भिंतीच्या अलीकडे हातभर अंतरावर पाय मुडपून बसलं.

"उचलायला या कोणीतरी!" डॉक्टर ओरडल्या. कोण ऐकतंय! शेवटी गेनबाने आणि त्यांनीच ते स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास अगदी छान चालला होता. त्यांनी हरणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, आवाजाचा त्रास नको म्हणून कानात कापसाचे बोळे घातले.

वर पुष्कर आता कायद्याची कलमं सांगत होता.

गेनबाने हात पुढे केला. "म्याडम, जरा मला बी द्या की कापूस. माझी ड्यूटी रात्री आठपर्यंत हाय."