डाव्या बाजूचं भोक

मी डोमाजींचा वस्तरा बोलतोय. सन अठ्ठावन्न होतं की एकोणसाठ, हे मात्र मला नक्की सांगवत नाही. पातं झिजलं तशी आठवणही झिजली असावी.

आष्टीच्या बाजारात डोमाजींचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि गिऱ्हाइकं मला पाहून गळ्यावर हात ठेवू लागली. शेजारचे भैय्याजी म्हणाले, "डोमा, केसच काप बाप्पा. दाढी राहू दे, माहे लेकरं लहान हायेत."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगून गोळ्या दिल्या. थरथर जरा उतरली, पण तोंड कोरडं पडायचं. एका दुपारी डोमाजींनी हवेतच साबण फासला, मला उघडलं आणि म्हणाले, "मान वर करा, पाटील."

खुर्चीत कोणीच नव्हतं. मी पोलादाचा, तरी हादरलो. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. थरथर परत आली.

मग मुंबईला ऑपरेशन ठरलं. धाकटा भाऊ श्रावण सोबत गेला. त्यानं माझ्यानंच त्यांचं डोकं भादरलं. ऑपरेशनच्या खोलीत काय झालं ते नंतर डोमाजींनी सांगितलं, "जागाच ठेवलं मले. कवटीले भोक पाडलं. डॉक्टर म्हणे, हात उचला. उचलला, तं थरथर बंद!"

जागेपणी कवटीला भोक! मला ते अजून ऐकवत नाही.

घरी अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याच्या डोक्यावरची जखम पाहिली आणि त्यांचा उजवा हात धरला. "हात उजवा, अन् भोक डावीकडं काऊन? चुकले तुमचे डॉक्टर."

"चुकले तं चुकले. हात थांबला नं?" डोमाजी हसले.

भैय्याजींनीच पहिल्यांदा गाल पुढे केला. एक ओरखडा उठला नाही.

पण पुढे, वर्षभरानं असेल, गालाची कातडी ताणणारा डावा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहिल्या. "भलत्या बाजूनं भोक पाडलं, म्हणून दुखणं तिकडं सरकलं. आता नाई जाऊ देत." डोमाजींनाही ते पटलं. त्यांनी मला मिटून श्रावणच्या हाती दिलं, आणि पुन्हा कधी खुर्चीमागे उभे राहिले नाहीत.

आज डोमाजी आणि अन्नपूर्णाबाई, दोघंही नाहीत. मी श्रावणच्या फळीवर गंजत पडलोय.

त्या दोघांमागे बऱ्याच वर्षांनी एक तरुण डॉक्टर श्रावणच्या खुर्चीत दाढीला बसला. श्रावणनं भीत भीत त्या डाव्या भोकाचं विचारलं. उत्तर ऐकून त्याचा विश्वास बसेना, माझाही नाही. त्यानं वर्ध्याला जाऊन आणखी एका डॉक्टरांना विचारलं. तेही तेच म्हणाले: उजवा हात मेंदूची डावी बाजूच हलवते, आणि हे दुखणं पुढे आपसूकच दुसऱ्या हातातही उतरतं. भोक बरोबर जागी होतं.