सहाशे हिरवे दिवे

रंगुबाईने गाईच्या कासेच्या प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा जमिनीवर सोडल्या, चौथ्या सडाचं सगळंच दूध मातीत पिळलं आणि उरलेल्यातून बाटली भरून रोझीकडे दिली. सुहाससरांनी ती यंत्राखाली ठेवली. हिरवा दिवा लागला, तशी यंत्र पारखायला आलेल्या समितीने टाळ्या वाजवल्या.

सुहाससर विद्यापीठात दुग्धशास्त्र शिकवत आणि गाईपासून चार हात लांब उभे राहत. विद्यापीठाच्याच जुन्या सायकल स्टँडमध्ये त्यांनी कंपनी थाटली होती. कासेचा आजार दहा सेकंदांत ओळखणारं हे यंत्र, एवढाच तिचा माल. आजार असला तर लाल दिवा, नसला तर हिरवा. आतापर्यंत सहाशे नमुने, सहाशे हिरवे दिवे. त्यावरून सरांनी अहवालात ठोकून दिलं की, कंपनीमुळे संगमनेर तालुक्यात आजार आटोक्यात आला! रोझीला ते वाचून किळस आली होती. पण अकरा वर्षं ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीवर होती. आज समितीने मान डोलावली की कंपनीत कायम होणार होती. म्हणून तोंड शिवून उभी होती.

तिची नजर गाईच्या कासेवर गेली. चौथा सड सुजून लाल झाला होता.

"मावशी, या सडाचं दूध का नाही घातलं?"

"त्यात गुठळ्या येत्यात, बाई. नासकं कसं देऊ तपासाला? तूच म्हनली हुतीस ना, सगळ्या बायांनी सोच्छ दूध द्यायचं म्हून."

रोझीचे कान तापले. बाटल्या स्वच्छ हव्यात, एवढंच तिला सांगायचं होतं. सहाशेच्या सहाशे नमुने तिनेच गोळा केले होते. इतके दिवस ती सरांना नावं ठेवत होती, आणि आजारी सडाचं दूध बाटलीत येत नव्हतं ते तिच्याच सांगण्यामुळे.

"रोझीताई, साक्षीदार म्हणून सही करा," सरांनी चाचणीच्या निकालाचा कागद पुढे केला.

तिने कागद घेतला नाही. नवी बाटली काढून रंगुबाईपुढे धरली. "त्या सडाचं द्या, मावशी."

पिवळट गुठळ्यांची बाटली तिने स्वतः यंत्राखाली ठेवली.

हिरवा दिवा लागला.

समितीने पुन्हा टाळ्या वाजवल्या, या खेपेला जास्तच जोरात. सर मात्र बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईने यंत्राची वायर ओढली.

"सही, रोझीताई," ते हळूच म्हणाले. "तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आधी मावशींच्या गाईला डॉक्टर बोलवा," ती म्हणाली आणि बाटली समितीतल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या हातात दिली.